समाचाराची वही

ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंतच्या पट्ट्यात आजारी पडला आणि आमच्या काकांनी ज्याला गाठलं नाही, असा माणूस अजून जन्माला यायचाय. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. कोलशेतच्या एका रसायनांच्या कारखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं नोकरी केली, पण ती आपली पोटासाठी. त्यांचं खरं काम आजाऱ्याच्या समाचाराला जाणं. कुणाचा मूतखडा, कुणाचा मोडलेला पाय, कुणाची नुसती कणकण, काही कळायचा अवकाश, की डोंबिवलीतल्या त्यांच्या बिल्डिंगखाली ती जुनी स्कूटर चार किका खाऊन धूर सोडायला लागे. बातमी त्यांना कळायची कशी, हे आम्हा भाचरांना कधीच उलगडलं नाही. माझ्या सासूबाईंना एकदा सकाळी दम्याचा जोरात त्रास झाला, तर डॉक्टरांच्या आधी काका हजर. डॉक्टरांनी आल्यावर विचारलं, "केव्हापासून होतंय?" आम्ही एकमेकांची तोंडं बघत होतो आणि काकांनी गेल्या तीन वर्षांचा दमा तारीखवार सांगितला.

समाचाराला जाणं म्हणजे नुसतं जाऊन बसणं नव्हे, असं त्यांचं मत. वीस मिनिटांच्या वर थांबायचं नाही, कारण त्यापुढे पेशंटला आपल्याशी बोलण्याचे कष्ट होतात. पायाशी बसायचं, उशाशी नाही; उशाशी बसलेला माणूस निरोप घ्यायला आल्यासारखा वाटतो. शहाळं न्यायचं नाही, कारण ते फोडायला घरात कोयता कुणाकडे असतो? त्याऐवजी काका मावशीच्या हातचं लिंबाचं गोड लोणचं न्यायचे. कॉफीच्या रिकाम्या बाटलीत भरलेलं, सुंठ घातलेलं आणि गळू नये म्हणून झाकणाखाली जुन्या कॅलेंडरचा तुकडा लावलेलं. त्यामुळे बाटली उघडली की आधी गेल्या वर्षीची एखादी संकष्टी दिसायची आणि मग लोणचं. "आजारी माणसाची चव परत आली की अर्धं दुखणं गेलं," काका म्हणायचे. बाकीचं अर्धं दुखणं घालवायला त्यांचा सावंतवाडीचा चुलतभाऊ होता. जगातला प्रत्येक रोग या चुलतभावाला होऊन गेलेला होता. कावीळ, मूळव्याध, मणक्यात गॅप, दोनदा हार्टअटॅक. "आणि आता? दोन-दोन जिने धावत चढतो!" हा चुलतभाऊ आम्ही कुणी कधी पाहिला नाही. मावशीनेही नाही, आणि तिचं लग्न होऊन पन्नास वर्षं होत आली होती.

या सगळ्याची नोंद ठेवायला एक जाडजूड वही होती. तारीख, घर, दुखणं, किती वाजता गेलो, किती वाजता उठलो, कुठे बसलो, काय प्यायलो, पेशंट काय म्हणाला. चुलतभावाचा कुठला आजार कुठे सांगून झालाय, तेही त्यात असायचं, नाहीतर एकाच घरात त्याचं अपेंडिक्स दोनदा काढलं जायचं. एकदा एका लग्नाच्या हॉलमध्ये कुणी दूरच्या आत्याबाई भर पंगतीत म्हणाल्या, "माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला काही आला नाहीत हो तुम्ही." काका जेवता जेवता उठले, हात धुऊन स्कूटरच्या डिकीतून वही आणली आणि नोंद वाचून दाखवली: सव्वाचार ते चार पस्तीस, उजव्या डोळ्याला पट्टी, कोकम सरबत, साखर जास्त. आत्याबाई पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या डोळ्याच्या वेळी त्यांनी स्वतः फोन करून बोलावलं.

या वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेलं घर कोलशेतच्या भोईरदादांचं. हे काकांचे कारखान्यातले जोडीदार, खाडीकाठचे मूळ रहिवासी. वाडवडिलांची मिठागरं होती, आता त्या बाजूला टॉवर उभे आहेत आणि भोईरदादा त्यांच्याकडे पाठ करून अंगणात खाट टाकून बसायचे. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे आणि एका विषयावर एकमत होत नसे. चुलतभाऊ खोटा आहे हे तोंडावर म्हणायची हिंमत जगात फक्त भोईरदादांची. "आरं, तुजा तो भाव हाय का हास्पिटल?" असं विचारून ते खदाखदा हसायचे आणि मग स्वतःच म्हणायचे, "बरं सांग, या खेपंला काय झालाय त्याला?"

आणि मग कोरोना आला. पहिल्या काही महिन्यांत सगळं जग घरात बसलं, पण काकांना जी शिक्षा झाली ती दुसऱ्या कुणाला झाली नसेल. सगळीकडे माणसं आजारी आणि हे घरात! त्यांनी फोनवरून समाचार सुरू केला. मोजून वीस मिनिटं बोलायचे, आणि सवयीने पलंगाच्या पायाकडच्या कडेवर बसून. मावशी मला म्हणाली, "अगं, हा माणूस घरात बसून बसून आजारी पडेल, आणि याच्या समाचाराला जायला दुसरा असा माणूस आहे का कुणी?" मला हसू आलं, आणि मग दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना. काकांना मधुमेह, वय सत्तरीच्या पुढे. मी त्यांच्याकडून फोनवर शपथ घेतली की उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही. "नाही टाकत गं," ते म्हणाले. पुढे बंधनं जराशी सैल झाली आणि शपथही झाली असणार, पण तिकडे माझं लक्ष नव्हतं.

मी पालिकेच्या शाळेत शिक्षिका. शाळा बंद होत्या, म्हणून आम्हाला फोनच्या कामावर बसवलं होतं. रोज सकाळी नव्या पेशंटांची यादी हातात यायची आणि एकेकाला फोन करून विचारायचं, तुमच्या संपर्कात कोण कोण आलं? मी मुलांना वीस वर्षं प्रश्न विचारत आलेय, पण इतक्या भीतभीत कधी विचारले नव्हते. पलीकडून खोकला आला की आपण फोन कानापासून लांब धरायचो. त्यातही सगळ्यात जीव खाणारी गोष्ट म्हणजे, जो भाग स्वच्छ झाला म्हणून आम्ही सुस्कारा टाकायचो, तिथेच पंधरा दिवसांनी पुन्हा एकदम पाच-सात जण निघायचे. आधीच्या पेशंटांशी संबंध नाही, एकमेकांशी ओळख नाही. आमच्या वरिष्ठ बाई भिंतीवरच्या नकाशात टाचण्या टोचायच्या आणि म्हणायच्या, "अरे, हे येतंय कुठून?" कारण आमच्या फॉर्मवरच्या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर एकच असायचं. बाहेरचं कुणी घरी आलं होतं का? नाही. बाहेरचं कुणी नाही.

एका गुरुवारी ठाकुर्लीच्या एका वहिनींना फोन लावला. त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं, त्यातून उठतात न उठतात तोच घरातले चौघं पॉझिटिव्ह. बाहेरचं कुणी आलं नाही, हे त्यांनी ठासून सांगितलं. मी फोन ठेवणार इतक्यात म्हणाल्या, "जेवण अजिबात जात नाही हो. त्या लिंबाच्या लोणच्यावर काढतेय दिवस. चव नाही कळत, पण सुंठीची जराशी धग लागते घशाला." मी "काळजी घ्या" म्हणून फोन ठेवला. मनात काही आलं नाही. दुपारनंतर टिटवाळ्याच्या एका नव्या बिल्डिंगमधला मुलगा फोनवर आला. त्याच्या वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. आता वडील, आई, तो आणि समोरच्या दारातले दोघं, सगळे आडवे. "मॅडम, टेस्टच नाय येत कशाची," तो म्हणाला. "पप्पांना लोणचं भरवलं, तर ते बोलतात, यापेक्षा झाकणातला कागद खातो. कॅलेंडर लावलंय आत, संकष्टी."

माझ्या हातातलं पेन थांबलं. मी विचारलं, "लोणचं कुणी आणलं?"

"ते? ते काका आलेले ना पप्पांना बघायला."

"अरे, मग बाहेरचं कुणी आलं नाही म्हणालास!"

"अहो, ते बाहेरचे थोडीच आहेत? समाचाराला आलेले." आणि मग आवाज खाली आणून, "मॅडम, त्यांचं नाव नका ना लिहू. चांगल्या मनाने आलेले. माणूस आपल्याला बघायला येतो आणि आपण त्याचंच नाव द्यायचं, कसं वाटतं ते?"

ठाकुर्लीच्या वहिनींना परत फोन लावला. त्यांनी आधी आढेवेढे घेतले, मग अगदी हेच सांगितलं. काका आले होते, मास्क लावून, लांब बसले होते. "पण चहा घ्यायचा म्हणजे मास्क काढावाच लागतो ना हो," त्या म्हणाल्या. पाण्यावर कसं पाठवणार माणसाला? मी फॉर्म पुढे ओढला. त्यावर काकांचं नाव लिहायला मला दहा मिनिटं लागली, आणि त्या दहा मिनिटांत मला आठवत होतं ते माझ्या स्वतःच्या फ्रिजमध्ये, दाराच्या दुसऱ्या कप्प्यात, ठेवलेलं लोणचं. काका शनिवारी सासूबाईंना बघून गेले होते. "दारातूनच जातो," म्हणाले होते आणि मीच म्हटलं होतं, अहो चहा तरी घ्या. रोज पन्नास घरांना मी विचारत होते, तुमच्याकडे कोण आलं? माझ्याकडे कोण आलं, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि विचारलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं, बाहेरचं कुणी नाही. आणि घरात सासूबाईंचा दमा. सुदैवाने आमच्या घरी कुणाला काही झालं नाही, पण ते कळेपर्यंतचे आठ दिवस मी कशी राहिले, ते माझं मला माहीत.

काकांची तपासणी केली. पॉझिटिव्ह. ताप नाही, खोकला नाही, सकाळी दोन पोळ्या खाल्लेल्या. मी हे फोनवर सांगितलं. आणि लगेच नेहमीच्या थट्टेच्या सुरात म्हटलं, "काका, सावंतवाडीच्या चुलतभावाला झाला असेल ना कोरोना? बरा झाला ना तो?"

"नाही गं," ते म्हणाले. "हे एकच त्याला अजून झालेलं नाही."

वही द्यायला ते आधी तयार होईनात. लोकांची दुखणी आहेत ती, सरकारी टेबलावर कशी मांडायची, असं त्यांचं म्हणणं. मग तास-दीड तासाने त्यांचाच फोन आला. "लिहून घे," म्हणाले. ते आतल्या खोलीत एकटे, वही बाहेर मावशीजवळ. तेव्हा मावशीने वाचायचं आणि मी लिहायचं असं ठरलं. मावशी मधूनमधून स्वतःची भर घालत वाचत होती. "सोमवार. कोलशेत. भोईर बाथरूममध्ये घसरले, पाय मुरगळला. पाच दहा ते साडेपाच. पायाशी बसलो. खिडकी बंद. चहा. चुलतभावाचा घोटा सांगितला. कमाल आहे बाई, घोटापण? शुक्रवार, ठाकुर्ली..." अशी अकरा घरं निघाली. आमच्या वरिष्ठ बाई ती यादी बघून म्हणाल्या, संपर्काचा इतका चोख हिशोब आजवर कुणी दिला नाही. आम्ही सगळीकडे फोन करायच्या आत काकांनीच सगळ्यांना फोन केले. "मी पॉझिटिव्ह निघालोय. तुमच्याकडे बसून गेलो होतो. चूक माझी. तपासून घ्या आणि माझं नाव लपवू नका." एका घरातून त्यांना वाट्टेल ते ऐकून घ्यावं लागलं, आणि तेही त्यांनी पूर्ण ऐकलं. ठाकुर्ली आणि टिटवाळ्याची माणसं हळूहळू बरी झाली.

बारावा फोन काकांनी केला नाही, त्यांना आला. भोईरदादांच्या सुनेचा. दादांना ठाण्यात दवाखान्यात नेलं होतं, ऑक्सिजन लावला होता. पुढचे आठ दिवस काका त्या बंद खोलीत फोन हातात धरून बसले. आयुष्यभर समाचाराला धावलेल्या माणसाचा सगळ्यात जवळचा माणूस दवाखान्यात, आणि याला दार उघडून हॉलमध्ये यायची परवानगी नाही. एकदा तिथल्या नर्सने भोईरदादांच्या कानाला फोन लावून दिला. धाप लागत होती, तरी ते म्हणाले, "तुज्या त्या भावाला झाला का रं ह्यो?" काकांनी सांगितलं, "झाला होता ना. गेल्याच महिन्यात. चांगला बरा झालाय, दोन जिने चढतो." पलीकडून हसल्यासारखा आवाज आला, म्हणे. दोन दिवसांनी भोईरदादा गेले. कुणालाच जाता आलं नाही.

काका बरे झाल्यावर मी गेले, तेव्हा ते निम्मे झाले होते. स्कूटरवर धूळ. वही कपाटावर टाकलेली. मी बसल्या बसल्या त्यांनी एकच विचारलं, "माझ्यामुळे का गं?" त्यानंतर जितक्या वेळा गेले, तितक्या वेळा हेच. चहा पुढे ठेवला की, "माझ्यामुळे का गं?" मी सांगायची, काका, यादीवरून तसं कळत नाही. ते खरंही होतं. सोमवारी काका कोलशेतला गेले, नंतर दोघंही आजारी निघाले. कुणी कुणाला दिला, हे कसं सांगणार? खोटं बोलायला मला काय झालं होतं, पण ज्या माणसाने स्वतःहून अकरा घरी चूक कबूल केली, त्याला खोटा दिलासा द्यायला जीभ रेटेना. मावशी एकदा स्वयंपाकघरात माझा हात धरून म्हणाली, "रात्रीचे उठून बसतात गं. काहीतरी शोध ना. तुझं कामच आहे ना ते?"

म्हणून मी वही मागितली. मावशीने वाचून दाखवली होती, मी डोळ्यांनी पाहिली नव्हती. सोमवारचं पान काढलं. काकांचं ते बारीक, तिरकं अक्षर. खिडकी बंद. चहा. चुलतभावाचा घोटा. आणि त्याखाली मावशीने मला वाचून न दाखवलेली एक ओळ होती: "दोस्त म्हणतो, लोणच्याला आज अजिबात चव नाही. मीठ कमी? घरी सांगणे."

"ही ओळ का नाही वाचलीस?" मी विचारलं.

मावशी फणकारली. "कशाला वाचायची? पन्नास वर्षांत माझ्या लोणच्याला कुणी नाव ठेवलेलं नाही. यांनी घरी येऊन मला मीठ विचारलं! त्याच बरणीतलं सगळीकडे गेलंय, कुणाची तक्रार नाही."

काका माझ्याकडे बघायला लागले. मी हळूहळू सांगितलं की, सोमवारी तुम्ही त्यांच्या पायाशी बसलात तेव्हाच त्यांची चव गेलेली होती. म्हणजे तुमच्या आधीच त्यांना तो झालेला होता. तुम्ही तिथून घेऊन आलात, काका, तिथे नेला नाहीत. पुढे ठाकुर्लीला आणि टिटवाळ्याला मात्र नेलात. मला वाटलं होतं, ऐकून त्यांच्या छातीवरचा धोंडा उतरेल. त्यांनी वही स्वतःकडे ओढली, त्या ओळीवर बोट ठेवलं.

"म्हणजे त्याने मला सांगितलं होतं," ते म्हणाले. "माझ्या तोंडावर सांगितलं त्याने. आणि मी मीठ विचारत बसलो."

मावशीने डोळ्यांना पदर लावला. ती एवढंच म्हणाली, "आणि मी त्या माणसावर रागावले होते." त्यानंतर काकांनी "माझ्यामुळे का गं" कधी विचारलं नाही.

या सगळ्याला आता काही वर्षं झाली. आमच्या भागात मधूनच एखाद्या बिल्डिंगमध्ये तापाची साथ येते, ग्रुपवर मेसेज फिरतात, दोन दिवस सगळे मास्क शोधतात आणि तिसऱ्या दिवशी विसरतात. विसरत नाहीत ते काका. ते अजूनही जातात, पण आधी फोन करून, खिडकी उघडायला सांगून, आणि चहाला हात जोडून. चुलतभावाला त्यांनी निवृत्त केलंय. गेल्या महिन्यात मलाच ताप आला. घरात कुणी नव्हतं. बेल वाजली, दार उघडलं तर कडीला पिशवी अडकवलेली आणि पिशवीत कॉफीची बाटली. काका अर्धा मजला खाली, जिन्याच्या वळणावरच्या पायरीवर मास्क लावून बसले होते. हातानेच त्यांनी मला आत जायला सांगितलं आणि फोन लावला.

"आधी चमचाभर खा. मग बोल."

मी दार लावून घेतलं आणि खाल्लं. आंबट, गोड, मागून सुंठ. "लागतेय चव, काका," मी म्हटलं.

"नीट सांग. मीठ?"

"बरोबर आहे."

"बरोबर आहे ना? कमी नाही ना?"

"नाही, काका. अगदी बरोबर आहे."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. मी दाराच्या भोकातून पाहिलं. त्यांनी मांडीवर वही उघडली, काहीतरी लिहिलं, पेन खिशाला लावलं. मला वाटलं आता निघतील. पण मनगटावरच्या घड्याळात बघून ते तिथेच बसून राहिले. वीस मिनिटं व्हायची होती, ती त्यांनी जिन्यात बसून पूर्ण केली.